दाजींची मागून बसलेली गाडी

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा माझे दाजी पाहुण्यांच्याच गाडीखाली आडवे होते. आम्ही वर पोह्यांच्या बशा सांभाळत, चेहरे हसरे ठेवून बसलो होतो. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "घरचे मोठे जावई कुठं दिसत नाहीत?" मी गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. गाडीखालून मोजे घातलेले दोन पाय बाहेर आले होते.

"दाजी, वर या!"

"आलो, आलो! पाव्हण्यांच्या गाडीचा एक पाटा तडकलाय, तेवढं बघतो!"

लग्न जमलं. कसं जमलं ते मला अजून कळलेलं नाही. मुलाकडच्यांनी पाटा मात्र दुसऱ्याच दिवशी बदलला.

मालवाहू गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचा जो वाकडा जुडगा असतो, त्याला पाटे म्हणतात. हे ज्ञान मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी झालं. तोवर पाटा म्हणजे स्वयंपाकघरातला, एवढीच माझी समज. ती दाजींनी सुधारली, आणि सुधारताना मला तीन दिवस अख्ख्या संभाजीनगरातून फिरवलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणीत गेली. समोर आलेला भाग हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा, आणि "पटत नाय" म्हणून परत पाठवायचा. ही सवय घरी आली. भाजीवाल्याची मेथी परत गेली, न्हाव्यानं केलेला भांग परत गेला. माझ्या लग्नात आमच्याकडच्या फोटोग्राफरला त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं, म्हणून माझ्या अल्बममध्ये सप्तपदीची फक्त चारच पावलं आहेत.

निवृत्त झाल्यावर दाजी अकरा दिवस घरी बसले. त्या अकरा दिवसांत त्यांनी मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, दाराच्या बिजागऱ्या दोनदा बदलल्या आणि पंख्याचा आवाज ऐकण्यासाठी पंख्याखाली उभे राहिले. अक्कानं मला फोन केला. "सुऱ्या, ह्यांना कुठं तरी ने रे. माझ्या पोळ्या मोजायलेत."

मग दाजींनी जुनी पिकअप घेतली. पैठण रोडला इद्रिसभाई सिमेंटच्या मोठाल्या कुंड्या बनवतात. त्या फर्दापूरच्या हॉटेलांना जातात, कारण लेणी बघून आलेल्या माणसाला हॉटेलच्या दारात बोगनवेल लागते. दर आठवड्याला एक खेप दाजींना मिळाली आणि माणूस दहा वर्षांनी लहान झाला.

अडचण एकच. कुंड्या चढल्या की गाडी मागून बसायची. दाजींच्याच भाषेत, "पुढनं विमान, मागनं म्हैस." फर्दापूरच्या वाटेवर चौक्याच्या घाटात स्टिअरिंग हलकं पडायचं. एकदा चढावर कुंड्या मागं सरकल्या आणि चार फुटल्या.

इद्रिसभाई फार सभ्य माणूस. त्यांनी आधी चहा पाजला, मग म्हणाले, "दाजी, आप आदमी सोने के. लेकिन गाडी तुमची पीछे से बैठेली है. बुधवार तक उठा लो, नहीं तो मेरेकू दूसरी गाडी देखना पडेगा. बुरा नक्को मानो."

दाजींनी बुरा मानला नाही. ते थेट माझ्याकडं आले. "पाव्हणं, रजा टाका. ही खेप गेली की मी घरात. अन् घरात मी आठ दिवसांत गंजन."

पहिलं गॅरेज नईमभाईंचं. त्यांनी गाडीखाली एक नजर टाकली. "इत्तीसी बात? अ‍ॅक्सल और पाटे के बीच में ठोकळा डाल देते. दो घंटे का काम."

"ठोकळ्यानं उंची मिळती, ताकद नाय," दाजी म्हणाले. "माल टाकला की तेवढीच खाली बसंल. पटत नाय."

"तो एक पाटा बढा दो. लोड उठाएगा, एकदम कडक."

दाजींना हे पटेल असं वाटलं. ते मान डोलवायला लागले, आणि मधेच थांबले. "अन् रिकामी गाडी कशी चालंल?"

"खाली? उछलेगी थोडी. खाली का क्या पूछते चाचा, लोड के लिए उठा रहे ना?"

"पटत नाय."

सोमवारभर हेच चाललं. वाळूजच्या एका जुन्या सहकाऱ्यानं पाट्याच्या मागच्या टोकाची कडी लांब करायला सांगितली. दाजींनी त्याला हिशोब दिला, की कडी दोन इंच वाढली तर गाडी एकच इंच उठते, आणि तिथून निघाले. लासूर स्टेशनला एक म्हातारे कारागीर जुने पाटे तापवून त्यांना पुन्हा बाक देतात. तिथंही गेलो. म्हातारबाबा प्रामाणिक निघाले. "बाक देतो, पर मालक, थकलेलं लोखंड हाय. सा महिन्यांत परत बसंल." प्रत्येक ठिकाणी दाजी निघता निघता तोच प्रश्न विचारायचे, रिकामी गाडी कशी चालंल? आणि प्रत्येक जण 'रिकाम्याचं काय विचारता' असा चेहरा करायचा.

या सगळ्यात माझं काम वजनाचं होतं. गॅरेज आलं की दाजी म्हणायचे, "पाव्हणं, चढा." मी मागच्या हौद्यात चढायचो, ते टेप लावायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "बघा, पाव्हणं बसले की गाडी दोन सूत खाली जाती," असं ते अनोळखी माणसांना सांगायचे. एका गॅरेजात तर वजन खात्रीचं आहे का म्हणून शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर मला उभं केलं. काटा थांबेना, तेव्हा भंगारवाला म्हणाला, "साहेब, श्वास घ्या, रोखू नका." त्या रात्रीपासून मी साखर सोडली. बुधवारी परत धरली.

मंगळवारी दुपारी आम्ही पुन्हा नईमभाईंच्या दारात. दाजी उभे राहीनात, बसेनात. उद्या सकाळी कुंड्या भरायच्या होत्या. दोनदा गाडीभोवती फिरले, एकदा माझ्याभोवती.

"दाजी, काहीतरी एक ठरवा," मी म्हणालो.

"ठरवायला माल असा पाहिजे, जो भरल्यावर कडक अन् रिकामा झाल्यावर मऊ."

नईमभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "चाचा, ये पहले बोलना था ना! हवा के फुग्गे लगाओ." पाटे आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधे बसणारे दोन जाड रबरी फुगे त्यांनी काढून दाखवले. हवा भरली की गाडी मागून उठते, सोडली की मूळच्या पाट्यांवर येते. "महंगा पडेगा. और एक बात, हवा भरने से गाडी की ताकत नहीं बढती. माल उतनाच डालना, जितना गाडी का है."

दाजींनी फुगा दाबला, उलटा केला, कानाशी नेला. मग म्हणाले, "पटलं." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

बुधवारी सकाळी कुंड्या भरल्या, हवा भरली, गाडी सरळ उभी राहिली. इद्रिसभाईंनी लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. "माशाअल्लाह! निकलो." खेप वाचली होती. दाजींनी मलाही चला म्हटलं, म्हणून मी ऐटीत पुढचं दार उघडलं. आत अक्का बसली होती. कमरेला कंबरदुखीचा पट्टा, पाठीशी उशी.

"अक्का, तू?"

"का? गाडी काय तुझ्या बापाची हाय?"

आमचा बाप एकच, याची तिला आठवण करून देण्यात अर्थ नव्हता.

"मी नाय गेले तर हे वाटंत जेवत नाय," ती म्हणाली. दाजींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "ती नाय आली तर घाटात डुलकी लागती." मी मुकाट मागं, कुंड्यांच्या बाजूला पोतं टाकून बसलो. तिथं कायद्यानं बसू नये, आणि माझ्या वयानं तर मुळीच बसू नये.

फर्दापूरला माल उतरला. दाजी गाडीखाली शिरले, फुस्स करून थोडी हवा सोडली. गाडीत बसले, हॉटेलच्या फाटकातल्या गतिरोधकावरून गाडी नेली आणि थांबवली. उतरले, आणखी हवा सोडली. पुन्हा गतिरोधक. पुन्हा खाली.

"आता काय झालं?" आतून अक्का.

"हवा बघतो."

"मेली ती हवा!"

मी वाकून विचारलं, "दाजी, किती सोडायची ते नईमभाईंनी सांगितलंय की."

"ते गाडीपुरतं, पाव्हणं." दाजी खालूनच बोलले, आवाज बारीक. "रिकाम्या गाडीला खड्डा लागला की तुमची अक्का समोरचा दांडा धरती. बोटं पांढरी पडतात. दुखतंय का विचारलं तर म्हणती, काय नाय. सत्तावीस वर्षं झाली, काय नायच म्हणती. मग म्या विचारायचं सोडलं. हात बघतो."

"मग घरीच ठेवा की तिला. एवढी कंबर दुखते तर."

दाजींनी फुग्यावरची धूळ बोटानं पुसली.

"पोरगं तिकडं बेंगळुरूला. घरात आम्ही दोघं. ती ह्या खोलीत, मी त्या खोलीत. बोलायला काय नसतं बघा. गाडीत बसली की बोलती. चौका आला की जे सुरू व्हती, ती फर्दापूरपत्तोर. मला लई गोष्टी ठाऊकच नव्हत्या." मग पुन्हा फुस्स.

मी हौद्यात चढलो. चौथ्या वेळी गतिरोधक गेला आणि गाडी थांबली नाही.

सिल्लोड मागं पडल्यावर मी केबिनच्या मागच्या काचेतून आत पाहिलं. अक्काचा हात मांडीवर मोकळा पडला होता. बोलता बोलता तिला झोप लागली होती, डोकं दाजींच्या खांद्यावर. आणि दाजी, जे माझ्या मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमात पाच मिनिटं खुर्चीत टिकले नव्हते, ते ताठ बसून मोकळ्या रस्त्यावर सायकलच्या वेगानं गाडी चालवत होते.

मागं एक उसाचा ट्रक येऊन चिकटला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. मग खिडकीतून अर्धा बाहेर येऊन माझ्याकडं हात नाचवायला लागला. मी रिकाम्या हौद्यात त्याच्याकडं तोंड करून बसलेलो. मी दोन्ही तळवे जोडले, गालाखाली घेतले, मान तिरकी केली आणि अंगठ्यानं मागं केबिनकडं दाखवलं.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा काचेकडं. मग हॉर्नवरचा हात काढला, आणि चौक्यापर्यंत आमच्या मागं गुपचूप येत राहिला.