तावडेकाकांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

तावडेकाकांच्या गाडीत बसायचं असेल तर आधी पर्स रिकामी करावी लागते. पाण्याची बाटली, छत्री, डबा, चाव्यांचा जुडगा, सगळं खाली वॉचमनच्या टेबलावर काढून ठेवायचं आणि मग दार उघडायचं. पहिल्यांदा मी म्हटलं, "काका, यात काही नाही हो, रुमाल आणि पाकीट आहे." काकांनी पर्स माझ्या हातातून घेतली, दुधी भोपळा जोखतात तशी वरखाली करून पाहिली आणि म्हणाले, "रुमाल एवढा जड नसतो. आत स्टीलची बाटली आहे. ती तू लालबागहून माहीमला नेणार आणि माहीमहून परत आणणार. तिचं काय काम आहे माहीमला?"

बाटलीचं माहीमला काहीच काम नव्हतं. मी ती काढून ठेवली.

तावडेकाका आमचे शेजारी. चाळ होती तेव्हाही शेजारी होते आणि चाळ पाडून टॉवर झाला तेव्हाही नशिबाने समोरचंच दार त्यांच्या वाट्याला आलं. विमा कंपनीत नोकरी करून ते निवृत्त झाले. लग्न केलं नाही. त्यांच्यापेक्षा मोठी बहीण, आक्का, परळच्या शाळेत शिकवायची. तिनेही केलं नाही. दोघं एकत्रच राहत. टॉवरमध्ये गाडी लावायला जागा मिळाली, तेव्हा जागा वाया जाऊ नये म्हणून काकांनी जुनी निळी छोटी गाडी घेतली. गाडी घेतल्यावर लोक फिरायला जातात. काका अ‍ॅव्हरेज काढायला लागले.

त्यांचा एक सिद्धांत होता. "पेट्रोल इंजिनात जळत नाही, पायात जळतं." म्हणून गाडी चालवताना ते उजव्या पायातली चप्पल काढून ठेवत. मध्ये रबर आलं की पायाला कळत नाही म्हणे किती दाबलं ते. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय अनवाणी, अशा थाटात ते पंपावर उतरत आणि पंपावरची माणसं त्यांच्या पायाकडे बघत राहत.

दुसरं, ब्रेक. ब्रेक लावणं म्हणजे जाळलेलं पेट्रोल रस्त्यावर ओतून देणं, असं त्यांचं मत. पुढचा सिग्नल लाल दिसला की काका डावीकडच्या गल्लीत शिरत, एखाद्या इमारतीला वळसा घालत आणि सिग्नल हिरवा होईल अशा बेताने परत येत. एकदा दादरला एकाच इमारतीला आम्ही इतक्या वेळा वळसा घातला की गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई आम्हाला हात करायला लागल्या.

"काका, फिरण्यातही पेट्रोल जळतंच ना?" मी विचारलं.

"जळतं. पण किलोमीटर मिळतात. उभ्या गाडीला काय मिळतं?"

मी बँकेत नोकरी करते. आकड्यांशी माझा रोजचा संबंध आहे. तरीही या वाक्यात नक्की चूक कुठे आहे, ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

गणपतीच्या दिवसांत लालबागमध्ये माणूस चालणं मुश्कील, तिथे गाडी काय चालणार. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगून अ‍ॅव्हरेजचा सत्यानाश नको, म्हणून काका गणपतीआधी गाडी माहीमला माझ्या आईच्या वाडीत नेऊन लावत. याला आक्का 'गाडी म्हायेराक गेली' म्हणायची. मग काका रोज संध्याकाळी गर्दीतून वाट काढत बस पकडून माहीमला जात, गाडीवरची धूळ पुसत आणि परत येत. आई त्यांना चहा देई. ते गाडीच्या काचेतून आत बघत बघत चहा पीत.

माझा या सगळ्यात शिरकाव झाला तो वजन म्हणून. रविवारी मी आईकडे जाते. काका म्हणाले, "सुजाता, तू आमच्याबरोबर चल. मला मागच्या सीटवर कायम एकच वजन लागतं." लालबाग, परळ, दादर, शीव, माहीम आणि परत, असा त्यांचा चाचणीचा रस्ता. पुढे आक्का, मागे मी. मी सकाळी काय खाल्लं याची ते चौकशी करत आणि आदल्या दिवशी कुणाचं लग्न होतं असं कळलं की चेहरा पाडत.

आक्काला मात्र कुठलाच नियम लागू नव्हता. तिची पर्स म्हणजे एक लहान बिऱ्हाड होतं. तिच्यात शेंगदाणे, पाण्याची बाटली, औषधं, पंखा आणि खिडकीतून कुणी ओळखीचं दिसलं तर द्यायला खडीसाखर असे. काका तिच्या पर्सकडे बघत, सुस्कारा सोडत आणि गाडी सुरू करत. मग दोघं भांडत. आक्का म्हणे, "अरे जरा जोरात चालव. बाजूक सायकलवालो फुडे गेलो." काका म्हणत, "त्याला पेट्रोल लागत नाही." हे भांडण परळपासून माहीमपर्यंत चाले आणि परतताना पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तिची पर्स चालते आणि माझी बाटली का चालत नाही, हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका रविवारी अ‍ॅव्हरेज पडलं.

काकांची पद्धत सोपी होती. टाकी काठोकाठ भरायची, काही रविवार गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. किती किलोमीटर झाले आणि किती पेट्रोल मावलं, यांचा मी मोबाइलवर भागाकार करायचा. त्या दिवशी मी उत्तर सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "पुन्हा मांड." मी पुन्हा मांडलं. उत्तर तेच. पुढच्या वेळी आणखी थोडं खाली.

काकांनी पंपावरच्या माणसाला गाठलं. "यात काय घालता हल्ली?"

"इथेनॉल असतं काका. उसापासून बनवतात. सगळीकडे तेच आहे."

"म्हणजे स्पिरिट?"

"तसंच काहीतरी."

काका गाडीत येऊन बसले. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी प्यायलेलं नाही, असं म्हणाले. पुढचे काही दिवस त्यांनी कोरं पेट्रोल शोधण्यात घालवले. परळचा पंप झाला, दादरचा झाला, शीवचा झाला. प्रत्येक ठिकाणी थोडंसं भरायचं, वास घ्यायचा. माहीमच्या पेट्रोलला गोडसर वास येतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. या शोधात एवढं पेट्रोल गेलं की त्यावर आम्ही कोल्हापूरला जाऊन आलो असतो.

पण काका न्यायी माणूस. पेट्रोलवर आरोप करायचा तर बाकीच्यांचे जबाब घ्यायलाच हवेत. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणाले, "नाहीतर चोर सापडत नाही."

आधी एसीचा जबाब झाला. ऐन मे महिन्यात एसी बंद. खिडक्या उघडल्या की वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो, म्हणून त्याही बंद. मी आईच्या दारात उतरले तेव्हा आईने मला आधी पाणी दिलं आणि मग ओळखलं. मग टायरमध्ये हवा वाढवून झाली. रस्त्यातल्या गर्दीला दोष द्यायचा म्हणून सगळे अजून झोपलेले असताना निघून झालं. अ‍ॅव्हरेज हलायला तयार नव्हतं.

आता गाडीत बदलण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या. मी आणि आक्का.

त्या रविवारी दादरच्या पुलाच्या पायथ्याशी काकांनी ब्रेक लावला. स्वतःहून. मी दचकले. काका समोर बघत म्हणाले, "आक्का, तू एवढा पूल चालत चढशील? मी पलीकडे उतारावर थांबतो. चढावर किती फरक पडतो ते बघायचंय फक्त."

आक्काच्या हातात शेंगदाणे होते. ते तिने परत पुडीत टाकले. "म्हणजे माझा वजन मोजतंस?"

"तुझं असं नाही. एकूण भार."

"सुजाताक कित्याक नाय उतरवणस?"

काकांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "ती तुझ्या निम्मी आहे. फरक दिसणार नाही."

आक्का उतरली. पर्स घेतली, साडी नीट केली, दार हळू लावलं. पुलाकडे न जाता तिने समोरून येणारी टॅक्सी थांबवली आणि ती लालबागच्या दिशेने निघून गेली. काका म्हणाले, "उलट्या दिशेला कुठे गेली?" पूल चढून आम्ही पलीकडे जरा वेळ थांबलोसुद्धा.

संध्याकाळी आक्काने मला दारात गाठलं. हातात बॅग होती. "कुडाळाक जातंय, भाचीकडे. ह्याका सांग, आता तुझी गाडी हलकी झाली." सांगायची गरज नव्हती. काका मागे उंबऱ्यातच उभे होते. ते म्हणाले, "स्टँडपर्यंत सोडतो." आक्का म्हणाली, "नको. पेट्रोल जळात."

त्यानंतर काकांनी चाचणी सोडली नाही. रविवार आला की ते खाली उभे असत. माझी पर्स ते आता तपासत नव्हते. पुढची सीट रिकामी असे, तरी मी मागेच बसायचं, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडीत कोणी बोलत नसे. सिग्नल लाल दिसला तरी काका सरळ जाऊन थांबत. मी एकदा म्हटलं, "काका, गल्ली." ते म्हणाले, "असू दे."

टाकी संपत आली. आम्ही परळच्या पंपावर गेलो, काठोकाठ भरली आणि बाहेर येऊन गाडी बाजूला लावली. दुपार झाली होती. मी भागाकार केला.

अ‍ॅव्हरेज वाढलं होतं. फार नाही, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"किती?" काकांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. मला वाटलं, आनंद होईल.

"पुन्हा मांड."

मी पुन्हा मांडलं. काकांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि आकडा स्वतः पाहिला. मग म्हणाले, "टाकी नीट भरली नाही त्याने. चाचणी बाद."

"काका, काठापर्यंत भरलीय. तुम्हीच वाकून बघितलंत."

"बाद म्हणजे बाद."

मग त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, नंबर लावला आणि फोन मधल्या जागेत ठेवला. काका नेहमी स्पीकरवरच बोलतात, कानाला धरलं की त्यांना ऐकू येत नाही.

"कोण?" आक्काचा आवाज आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"मी विलास. टाकी झाली."

"मगे?"

"अ‍ॅव्हरेज आणखी पडलं," काका म्हणाले. "तू नव्हतीस तरी पडलं. म्हणजे तुझा काही संबंध नव्हता. हे तुला कळवायला हवं म्हणून फोन केला."

जो माणूस आकड्यातला शेवटचा दशांशसुद्धा गाळू देत नसे, तो सरळ समोर बघून हे बोलत होता. पलीकडून आक्का म्हणाली, "सुजाता आसा थंय? तिका इचार. गो सुजाता, खराच पडला?"

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. आरशात फक्त त्यांचे डोळे दिसत होते.

"पडलं, आक्का," मी म्हटलं. "बरंच पडलं."

"मगे चूक पेट्रोलाची."

"पेट्रोलाचीच," काका म्हणाले. आणि मग, इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती त्या बोलीत म्हणाले, "आक्का, ये गे तू. घर खावक उठता."

मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवू लागला. काकांना तो ऐकू आला नसावा. फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग आक्काने विचारलं, "जेवलंस काय रे?"

"नाय," काका म्हणाले.