अकराच्या तारा की बाराच्या

लातुरात कुठल्याही प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यांतला एक बरोबर असतो. बाकीच्या जगात तसं का नसतं, हा बाकीच्या जगाचा प्रश्न आहे.

आनंदराज सर या शहरात चौदा वर्षं फिजिक्स शिकवत होते. 'ताणलेल्या तारांची कंपने' हा त्यांचा धडा इतका गाजलेला, की निलंग्या-देगलूरची पोरं त्यासाठी गाद्या घेऊन लातुरात मुक्कामाला येत. (गाद्या झोपण्यासाठी होत्या, बहुतेक नव्याच राहत.) तार जाड केली की सूर उतरतो, ताण वाढवला की चढतो, हे सरांनी अकराएक हजार डोक्यांत पक्कं बसवलं होतं. या काळात त्यांनी स्वतः एकाही तारेला हात लावला नव्हता. गरजच पडली नाही. अभ्यासक्रमात हात नव्हता.

अडचण घरातूनच आली. सरांची मुलगी मनिषा अकरावीत होती आणि तिचा आवाज पार खर्जातला. शाळेत समूहगीताला तिला मागच्या रांगेत उभं करून "तू नुसते ओठ हलव" अशी सोय केलेली असे. यंदा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिनं एकटीनं गायचं ठरवलं. गिटार होतीच. वरचा सूर गळ्याला झेपेना, म्हणून तिनं सगळ्या तारा एकेक सूर खाली उतरवल्या. गळा जुळला, पण तारा सैल पडून खडखड वाजू लागल्या.

"पप्पा, जाड तारा लागतील. माझ्या दहाच्या आहेत. कोणत्या घेऊ?"

(गिटारच्या तारांचा संच त्यातल्या सगळ्यात बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात. दुकानात दहा, अकरा, बारा आणि तेरा मिळतात. चारच आहेत म्हटल्यावर सरांना हायसं वाटलं.)

सरांनी वही ओढली. एक पूर्ण सूर खाली, ताण मात्र पहिल्याइतकाच हवा. म्हणजे जाडी आली अकरा पूर्णांक बावीस शतांश. त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा बावीस शतांश तिथंच. चौदा वर्षांत पहिल्यांदाच बरोबर उत्तर पर्यायांत नव्हतं.

स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीच्या मिहिर सरांनी धीर दिला, की असा प्रश्न रद्द होतो आणि सगळ्यांना मार्क मिळतात. बायोलॉजीच्या सौदामिनी मॅडमचा सल्ला थोडक्यात होता: "शंका आली की 'क'."

घरी सरांचे वडील केरबा होते. ते गवंडी. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या घरांवर त्यांनी सहा वर्षं काम केलेलं. त्यांना पर्याय लागत नसत.

"तेराच्या घे. ह्यात इचार काय करायलास? बारीक सळईचं काय होतं, म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"आबा, ही तार आहे. सळई नाही."

"लोखंडच हाय न्हवं?"

सरांनी वहीत 'तेरा'पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

गॅदरिंगला चार दिवस उरले तेव्हा बापलेक गिटार घेऊन एसटीनं नांदेडला गेले. तिथं गुरुपादप्पांचं वाद्यांचं दुकान होतं. सरांनी वही पुढं केली. गुरुपादप्पांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि अदबीनं मिटली.

"हिसाब एक नंबर हाय, सर. पण वाजवणार कोण?"

"ही. मनिषा."

"मग वहीला काय विचारायलात? पोरीच्या बोटाला विचारा की."

त्यांनी अकराच्या तारा चढवल्या. मनिषानं हळू वाजवलं तेव्हा ठीक होतं. पण ती गाताना जोरात वाजवायची, आणि जोर केला की तार पुन्हा खडखडे. मग बाराच्या चढवल्या. तिनं जोरात वाजवलं. सूर खाली, भरीव आणि स्वच्छ आला. शेजारचा ढोलकीवाला गिऱ्हाइकाला सोडून बघायला आला.

"सर, तुम्ही बी दाबून बघा जरा," गुरुपादप्पा म्हणाले.

सरांनी बोट टेकवलं, दाबलं, आणखी दाबलं. दुसऱ्या हातानं तार छेडली, तरी सूर निघाला नाही. बोटावर मात्र लाल चर उमटला.

"एवढं दुखतं?"

"पहिले दोन महिने मी रडत होते, पप्पा."

"मला कसं नाही कळलं?"

"तुम्ही तेव्हा टेस्टचे पेपर काढत होता."

सरांनी वही पिशवीत टाकली. परतीच्या वाटेवर गिटार त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली.

गॅदरिंगला मनिषा गायली. एरवी फक्त निकाल वाचताना गप्प बसणारा तो हॉल पहिल्या कडव्यालाच गप्प झाला. मागच्या रांगेत कोणी नुसते ओठ हलवत नव्हतं. दुसऱ्या कडव्यापासून सगळे तिच्याबरोबर गुणगुणत होते. सरांच्या डोळ्यांसमोर काहीतरी धूसर झालं, त्याचं सूत्र त्यांना आठवलं नाही. शेजारी केरबा उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "तेराच्या असत्या तर आजून भारी झालं असतं." पण ते मनापासून म्हणाले नाहीत.

पुढचं लातुरात व्हायचं तसंच झालं. आठवडाभरात त्रेसष्ट पालक सरांच्या क्लासच्या खिडकीशी येऊन बाराच्या तारांची चौकशी करून गेले. (त्यांतल्या एक्कावन्न जणांकडे गिटार नव्हती.) एका नव्या क्लासनं आठवीपासून 'तारनिवड फाउंडेशन' सुरू केलं. मनिषाला गाठून लोक विचारत: रोज किती तास बसत होतीस? किती वाजता उठत होतीस? नोट्स कुणाच्या? बाराच का, साडेबारा चालल्या असत्या का? तिनं सगळ्यांना खरी उत्तरं दिली.

गाणं कोणतं म्हटलंस, हे मात्र तिला अजून कोणी विचारलेलं नाही.

तुम्ही तरी कुठं विचारलंत?