लुगड्यात गुंडाळलेले टाळ

तात्या मंगळवारी सकाळी गेले. त्या संध्याकाळी देवळाच्या स्पीकरचा कर्णा वाजला.

चार वर्षं तो वाजला नव्हता, कारण तात्यांनी तो उतरवून आपल्या गोठ्यात टांगला होता. म्हशीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आमच्या भजनी मंडळाची. तात्या मंडळाचे प्रमुख आणि मी, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, चिटणीस. म्हणजे टाळ धरायचा आणि ठराव लिहायचे.

कासार आंबोलीच्या अलीकडे आमचं गाव. वर डोंगरात वस्ती आहे. तिथली सुनीता आणि तिच्या दोन मैत्रिणी कॉलेजातून परतताना देवळाच्या पायरीवर अभ्यासाला बसत. घरी खोली एक आणि माणसं सात. सुनीताला नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची होती. नापास झालीस तर लग्न, असं बापानं सांगून ठेवलं होतं.

वस्तीवरच्यांनी देवळात येऊ नये असा आमच्याकडे नियम नव्हता. फक्त ते येत नसत आणि आम्ही बोलवत नसू.

एका संध्याकाळी तात्या मुलींना म्हणाले, "हितं वारं लई हाय. पानं उडत्यात. आत बसा गं."

गावात इतक्या पुढाऱ्यांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं, ते वाऱ्यानं झालं.

"देवळात पुस्तकं?" पखवाजवाले बाबूराव कुरकुरले.

"मग पोथी काय भाकरी हाय व्हय?" तात्या म्हणाले.

अडचण पुढेच होती. सात वाजता आमचा हरिपाठ, आणि मुलींचा अभ्यासही तेव्हाच. तात्यांनी आधी कर्णा उतरवला. परीक्षा जवळ आली तशी, वारलेल्या बायकोचं एक लुगडं फाडून त्यांनी टाळांना पट्ट्या गुंडाळल्या आणि पखवाजावर गोधडी टाकली. आम्ही बारा बाप्ये हरिपाठ कुजबुजू लागलो. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत कुणाची तरी चुगली चाललीय.

"तात्या, हे भजन हाय का सुतक?" बाबूरावांनी विचारलं.

"देव बहिरा न्हाई," तात्या म्हणाले. त्यांचं हे वाक्य ठरलेलं. त्यापुढे चर्चा नसे.

भरीस भर म्हणजे तेव्हापासून ते स्वतःच चुकायला लागले. आम्ही पुढच्या अभंगावर जावं, तर हे मागच्याच कडव्यात. डोळे मिटलेले, एक हात बाबूरावांच्या गोधडीखाली. म्हाताऱ्याला थंडी वाजत असेल, असं बाबूराव म्हणत. शिष्टपणा वाढलाय, असं बाकीचे म्हणत.

सुनीता पास होऊन पुण्याला गेली. वाटलं, आता टाळ सुटतील. पण पायरीवर दुसरी मुलं-मुली आली आणि तात्यांनी त्यांनाही आत घेतलं. तेव्हा मंडळानं ठराव केला: टाळ मोकळे करावेत, मुलांनी अन्यत्र बसावं. ठराव माझ्या अक्षरात आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

तात्यांनी कागद घेतला, त्याची चौघडी घातली आणि देवापुढच्या समईच्या बुडाशी सारली.

"समई हालत व्हती," म्हणाले.

ते गेले त्या संध्याकाळी बाबूरावांनी गोठ्यातून कर्णा आणून चढवला. तात्यांना निरोप मोठ्यानं द्यायचा, असं ठरलं. आत बसलेल्या मुलांनी पुस्तकं मिटली आणि ती निघून गेली. पुढचे आठ दिवस ती आली नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

दहाव्याला सुनीता आली. आता ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घाटावरून परतताना ती मला म्हणाली, "गुरुजी, तात्यांना ऐकू येत नव्हतं. तुमाला ठावं व्हतं ना?"

बाबूराव शेजारीच चालत होते.

"मोकळा टाळ असला तर तेवढा ऐकू यायचा त्यांना. मी म्हनलं, तात्या, फडकी सोडा. तर म्हनले, 'तू पास हो आधी. मला समदं पाठ हाय.' गोधडीखाली हात घालून ठोका धरायचे."

बाबूरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, शिडी कुटं हाय?"

कर्णा परत गोठ्यात आहे. हरिपाठ सातलाच असतो, टाळांना लुगडं तसंच आहे. आत सहा मुली आणि दोन मुलगे बसतात. माझा ठराव जागेवर आहे. समई हालत नाही.