घरी भाजी कायची?

आमच्या सिंदेवाहीतल्या दादाजीभाऊंच्या बारमध्ये दारू मागितली की आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. खांद्यावरच्या दुपट्ट्याने काउंटर पुसत दादाजीभाऊ विचारायचे, "पयले सांग, घरी आज भाजी कायची हाय?" उत्तर आलं तर ग्लास. नाही आलं तर नुसता सोडा प्यायचा आणि घर गाठायचं.

"घरच्या गंजात का शिजून राह्यलं थे ज्याले मालूम नाई, त्यानं माह्या इथी कायले बसाव?" असा त्यांचा सवाल. धंदा करायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला घरी पाठवतो, हे आमच्याकडेच.

मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच मी गंजावरचं झाकण उचलून आत डोकावलो, तर बायको घाबरून म्हणाली, "काऊन जी, तब्येत बरी हाय ना?"

ट्रॅक्टरवाला गुलाब हुशार. तो रोज डोळे झाकून "वांगे" सांगायचा. आमच्या भागात वांग्यावर कोण शंका घेणार? पण एकदा बाजारात गुलाबच्या बायकोनेच दादाजीभाऊंना सांगून टाकलं की त्यांच्या घरी वांग्याने सगळ्यांना खाज सुटते. गुलाब आठ दिवस सोड्यावर होता. पोस्टातून निवृत्त झालेले लक्ष्मणराव तर फोडणीपासून अख्खी कृती सांगत, आणि मागे आम्ही ताटकळत उभे. या एका प्रश्नापायी बारमालकाला राखी बांधणाऱ्या बाया मी फक्त आमच्याच गावात पाहिल्या.

मग जिल्ह्यात दारूबंदी आली. आम्ही तिघे सुतक लागल्यासारखे बसलो होतो आणि दादाजीभाऊ शिट्टी वाजवत भिंतींना चुना मारत होते. नवी खाटही आणली. मला त्यांचा रागच आला. पंधरा वर्षं ज्यांच्यासोबत काढली त्यांची जरा तरी हळहळ वाटावी की नाही?

कारण पुढे कळलं. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात. बापाच्या बारपायी त्याची जमलेली सोयरीक मोडली होती. "दुकान बंद कराल तवाच घरी येईन," म्हणून तो गेला तो गेलाच. लग्नही तिकडेच झालं. दादाजीभाऊंनी सुनेला फोटोतच पाहिलेलं.

बंदीनंतर ते रोज बसच्या वेळेला दारात उभे राहत. प्रशांत आला नाही. शेवटी फोनवर एवढंच म्हणाला, "बाबा, दुकान सरकारनं बंद केलं. तुमी नाई."

दादाजीभाऊ तिथेच चहा विकू लागले. आम्ही निष्ठेने चहा पीत राहिलो, दुसरं करणार काय?

काही वर्षांनी प्रशांतला मुलगा झाला, तोही दादाजीभाऊंनी फोटोतच पाहिला. मग बंदी उठली. गावातले सगळे बार उजळले, आमचाच अंधारात. आम्ही परवान्याचा अर्ज भरून नेला. दादाजीभाऊंनी तो वाचला, घडी करून माझ्या खिशात घातला आणि म्हणाले, "आता मी बंद करून राह्यलो, बाबू. पयले सरकारनं केलं होतं."

आम्हाला ते पटलं नाही, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या बारमध्ये आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. महिनाभराने एका रविवारी दुपारी, मन वळवायचंच असा पण करून आम्ही नारळ घेऊन पुन्हा निघालो. मुहूर्तसुद्धा लक्ष्मणरावांनी काढला होता.

दारात एक मोटरसायकल होती, आणि पायरीवर हातभर लांबूनही दिसतील-न दिसतील अशा इवल्या चपला. आतून बाईचा आवाज आला, "मामाजी, याले जरा घ्या ना, मी हात धुते."

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. आम्ही थबकलो. तेवढ्यात दादाजीभाऊ नातवाला कडेवर घेऊन दारात आले. पोराने त्यांचा दुपट्टा तोंडात धरला होता. आम्हाला बघून ते अवघडले, हसले, आणि हलकेच म्हणाले, "आज जा बाबू. आज मले टाइम नाई."

इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच असं दारातून परत पाठवलं. गुलाबने नारळ पायरीवर, त्या चपलांच्या शेजारी ठेवला. आमचा बार आता कायमचा गेला, हे तिघांनाही कळलं होतं. परतताना लक्ष्मणराव डोळे पुसत होते आणि मला मात्र, का कोण जाणे, हसू आवरत नव्हतं.