बाहेरून दिसणारे जावई

डॉक्टरांनी दोन दिवस अंथरुणावरून उठायला मनाई केलेला शेखर रविवारी सकाळी स्टुलावर चढून राउटरशी झटापट करत होता. डॉक्टर, मनाई आणि धरलेली कंबर, तिन्ही त्याचीच निर्मिती. दिंडोरीला सासऱ्यांच्या द्राक्षबागेत छाटणी सुरू होती. मजूर कमी पडले म्हणून सावळीरामांनी जावयाला बोलावलं, आणि इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये जावई तडकाफडकी आजारी पडला.

"मग नातीला तरी दाखवा," सासूबाई म्हणाल्या. शेखरने हॉलमध्ये कॅमेरा बसवला. कंपनीचं तयार अ‍ॅप होतं, पण ते काय, कोणीही वापरतं. तो नोकरीला असलेल्या पतसंस्थेतल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याने एकदा स्वतः काढला होता. तेव्हापासून तो तज्ज्ञ होता.

"राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन," त्याने बायकोला समजावलं. "बाहेरच्यांना आपल्या घराचा एकच पत्ता माहीत. आलेल्याला आत कोणाकडे सोडायचं, ते वॉचमनला सांगून ठेवायचं. मी सांगितलंय, मामा आले की थेट कॅमेऱ्याकडे सोड."

"आणि तुम्ही स्टुलावर दिसलात तर?" रोहिणीने विचारलं.

"चालू झालं की पट्टा बांधून दिवाणावर पडतो ना!"

स्टुलावरूनच त्याने दिंडोरीला लिंक पाठवली आणि घरच्या वायफायवर बसून स्वतःच्या मोबाइलवर तीच उघडून पाहिली. काहीच दिसेना.

"अहो, बाहेरून बघायचंय ना? मग घरात बसून काय तपासताय?"

"तुला त्यातलं कळत नाही," शेखर म्हणाला. नवऱ्यांच्या शब्दकोशात याचा अर्थ मलाही कळत नाही, असा होतो.

वायर सैल असेल म्हणून त्याने लोखंडी कपाट एकट्याने खिडकीपर्यंत रेटलं. तरी दिसेना. मग दिवाण उभा केला, त्याच्या मागचा प्लग बदलला, दिवाण आडवा केला. लिंक ढिम्म. दोन तासांनी त्याने सासऱ्यांना 'जमत नाही, सोडून द्या' असा मेसेज टाकला आणि आता पट्टा बांधून पडायला नको, म्हणून विजय मिळवल्यासारखा लेकीला, वेदिकाला, खांद्यावर घेऊन हॉलभर नाचला. पोरगी खिदळत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू, कंबर कशी हाय?"

"काय सांगू मामा," शेखरने आवाजात कळ आणली. "कूस बदलता येत नाही. पडून आहे नुसता."

"आरं आरं. मग आधी वेदिकाला खांद्यावरून उतरवा. आन् कपाट पहिल्या जागीच बरं होतं."

शेखरने हळूहळू मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. वॉचमनने बाहेरच्यांना बिनतक्रार आत सोडलं होतं. अडवलं होतं ते फक्त घरातूनच बाहेरचा पत्ता विचारणाऱ्याला, म्हणजे शेखरला.

"मामा, कधीपासून दिसतंय?"

"तुम्ही स्टुलावर होता तवापासून. जावयाला बोलावं कसं, म्हणून गप होतो."

"उद्या सकाळी येतो मी छाटणीला. पहिल्या बसने," शेखर कसाबसा म्हणाला.

"नका येऊ, लय दमलात तुम्ही. फक्त ते यंत्र बंद करा," सावळीराम अगदी मायेने म्हणाले. "अठरा मजूर सकाळपासून मोबाइलभोवती बसलेत. छाटणी ठप्प हाय."