आक्का आणि आमच्या गल्लीचे पदाधिकारी

माझी थोरली बहीण माइक दिसला की त्याची वायर उपटते. बंद करत नाही, उपटते. गावोगावची मंडळं, बचत गट, कामगारांच्या वस्त्या अशा ठिकाणी जाऊन लोकांनी एकत्र कसं यायचं, काम कसं वाटून घ्यायचं हे ती शिकवते, आणि कुठंही गेली तरी सुरुवात वायरीपासूनच. "ज्याला आपल्याच गल्लीत माइक लागतोय, त्याचं गल्लीत कोण ऐकत न्हाय," असं तिचं म्हणणं.

आक्का कबनूरला राहते. उमेदीची वर्षं तिनं यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात घालवली. दिवसभर मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती लागलीच. तिनं मायेनं "जेवलास का?" विचारलं तरी शेजारचे खिडकी उघडून बघतात. शिवाय ती बहुतेक वेळा खरोखरच रागावलेली असते, त्यामुळे माया कुठली आणि राग कुठला हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षीही ओळखता येत नाही.

तिला कोल्हापुरात आमच्या गल्लीत आणलं ते मी. मी गल्लीच्या मंडळाचा सचिव आहे. मंडळात सव्वीस माणसं, त्यांतली पंचवीस पदाधिकारी. उरलेला एक नाराज असतो. चौकातल्या फलकावर माझाही फोटो आहे, केस होते तेव्हाचा.

तर महापुराचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा आम्ही पंचवीसच्या पंचवीस पूल किती बुडाला ते बघायला गेलतो. खालच्या टोकाच्या खोलीत पाय अधू झालेल्या तानूआज्जी एकट्या राहतात, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाणी कॉटच्या पट्ट्यांना लागेपर्यंत त्या बसून हाका मारत होत्या. शेवटी दूधवाल्यानं त्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं. पाणी ओसरल्यावर मंडळानं काय केलं? दूधवाल्याचा सत्कार केला. शाल धरायला आम्ही नऊजण होतो.

मी मोठ्या कौतुकानं तो फोटो आक्काला पाठवला. दुसऱ्या मिनिटाला फोन आला.

"शाल धराय नऊ जण, आन् म्हातारी उचलाय एक बी न्हाय? लाज वाटत न्हाय रं बाळ्या? रविवारी येतेय. समद्यांस्नी जमव."

रविवारी आमचे अध्यक्ष संभादादा प्रास्ताविकाला उभे राहिले आणि वायर गेली.

"बसा, पावणं. पाणी पहिल्यांदा कुणाच्या उंबऱ्याला लागतंय?"

"खालच्या अंगाला," संभादादा म्हणाले.

"अंग कुणाचं इचारलं न्हाय. घर कुणाचं? आत कोण हाय? त्याला उठवाय कोण जाणार?"

"मंडळ जाईल की."

"मंडळाला पाय हैत व्हय?"

मागं बायका हसल्या. संभादादांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू ही बहीण मीच मुद्दाम जन्माला घातली असावी.

आक्कानं प्रत्येकाला पाच घरं वाटून दिली. जायचं, चहा घ्यायचा, कोण आजारी, कोण एकटं, कुणाला कमी ऐकू येतं ते समजून घ्यायचं. भाषण करायचं नाही. माझ्या पाचांपैकी दोन घरांत मला पाणीपट्टीवाला समजून बसवलं. एका घरातल्या काकांना डोळ्यांनी दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या आणि आमच्या घराला भिंत एकच आहे.

पुढच्या रविवारी आम्ही गल्लीचे गट पाडले आणि पुन्हा पूर आला तर करायच्या कामाची यादी केली. सगळ्या गटांचे प्रमुख पुरुष, महिलांकडं चहा-नाष्टा. आक्कानं यादी वाचली, चार तुकडे केले आणि संभादादांच्या हातात ठेवले.

"पूर आला तवा घरात कोण हुतं? ह्याच बायका. कुणाच्या घरात कोण कुठं झोपतंय ते ह्यांस्नी ठावं. चहाला तुमी ऱ्हावा."

अशा रीतीनं खालच्या टोकाची प्रमुख माझी बायको सुनीता झाली आणि मी तिच्या हाताखाली आलो. घरात हे पद मी बरीच वर्षं सांभाळतोय.

मग सराव ठरला. तानूआज्जींना खुर्चीत बसवून वर शाळेत न्यायचं. आक्कानं आदल्या दिवशीच जाहीर केलं, "मी येणार न्हाय. मी असले की समदे माझ्या तोंडाकडं बघत्यात."

सकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली. खुर्ची उचलून बघताना माझी कंबर लचकली होती, म्हणून सुनीतानं मलाही तिथंच बसवलं होतं. बाहेर गलका सुरू झाला.

"खुर्ची उलटी धरलीया!"

"आज्जींचा चष्मा राहिला!"

"हळू रं मुडद्यांनो!" हा आवाज तानूआज्जींचा.

आणि मग संभादादा ओरडले, "शाळंची किल्ली कुणाकडं हाय?"

किल्ली कुणीच आणली नव्हती. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्यानं आणली असेल.

आक्का ताडकन उठली. मी म्हणालो, "आक्का, येणार न्हाय म्हणालीस की." तिनं दाराची चौकट धरली आणि तशीच उभी राहिली. माझ्याकडं पाठ करून बोलू लागली.

"शेडातल्या बायकांचं समदं मीच करायची बाळ्या. मालकाशी बोलणं मी, अर्ज मी. भांडून भांडून बायकांसाठी संडास बांधून घेतला. मग ह्यांचं आजारपण आलं. तीन म्हैनं गेले न्हाय. परत गेले तर संडासाला मालकाचं कुलूप, आत भंगार. म्हटलं, बायांनो, भांडला का न्हाईसा? तर म्हणल्या, आक्का, तुझीच वाट बघत हुतो."

"मग राग येणारच की त्यांचा."

"त्यांचा कशाला? एकीला तरी मी कधी तोंड उघडू दिलतं?"

बाहेर सुनीताचा आवाज आला. "किल्लीला कशाला थांबायचं? देवळाच्या सभामंडपाला दारच न्हाय. तिकडं चला. संभादादा, तुम्ही डावीकडनं धरा. डावीकडनं म्हटलं की!"

हे आक्कानं कुणाला शिकवलं नव्हतं. तिचा चौकटीवरचा हात खाली आला. गलका चढावरनं वर गेला, लांब लांब होत गेला. थोड्या वेळानं वरून टाळ्या ऐकू आल्या.

मग माझा फोन वाजला. सुनीता होती. आज्जी पोचल्या, चहा ठेवलाय, साखर कमी पडलीय, कंबर चालत असेल तर घेऊन या. आणि फोन ठेवला.

"काय म्हणली?"

"साखर घेऊन या म्हणाली."

"माझं काय इचारलं का?"

खोटं बोलणं मला अवघड नाही. मी सचिव आहे. पण त्या वेळी काही सुचलं नाही.

"न्हाय."

"काय सुदीक न्हाय?"

"न्हाय, आक्का."

"झ्याक झालं," ती म्हणाली. "आसंच पायजे." आणि साखरेचा डबा माझ्या हातात देऊन तिनं मला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं.

कंबर धरून मी चढ चढलो. वळणावर दम खायला थांबलो, सहज मागं पाहिलं. आक्का आमच्या दारात उभी होती. डोक्यावर पदर, पायात चपला, आणि नजर देवळाकडं.