नानांची इटली

आमच्या घरी इटली रोज संध्याकाळी एक व्हायची, आणि ती एक झाल्याशिवाय कोणाला भात मिळायचा नाही.

म्हणजे असं, की माझे सासरे, नाना, जेवायला बसले की आधी टेबलावरची भांडी हलवायचे. लोणच्याची बरणी म्हणजे ऑस्ट्रिया, ती उत्तरेला. कोशिंबिरीचा वाडगा म्हणजे पीडमाँटचं राज्य. आमटीचं पातेलं सिसिली, कारण ते नकाशात सगळ्यात खाली आणि सगळ्यात तापलेलं. भात मधोमध. तो रोम. "रोम शेवटी," असं म्हणून ते भातावरचं झाकण हाताने दाबून धरायचे. मग तांबड्या शर्टांची हजार माणसं घेऊन सेनापती आमटीत उतरायचा, राजा कोशिंबिरीतून खाली यायचा, वाटेत दोघांची गाठ पडायची, आणि एवढं होईपर्यंत पोळ्या गार. माझी सात वर्षांची नेहा रोज विचारायची, "आजोबा, कॅन रोम कम फर्स्ट टुडे?"

त्या इतिहासात कोणाला नाव नव्हतं. राजा, प्रधान, सेनापती आणि परदेशात लपूनछपून दिवस काढणारे गुरुजी, एवढ्या चौघांत इटलीचा सगळा कारभार. परकी नावं आली की पोरांना इतिहासही परका वाटतो, असं नानांचं मत. औरंगाबादजवळच्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी हयातभर शाळेत इतिहास शिकवला होता. धडा इटलीचा आला की म्हणे शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा खिडकीशी यायची. "एकी म्हणजे काय, ते शिकावं इटलीकडून," हे त्यांचं पालुपद. दुसरं पालुपद, "चला, पुढचं पान." अडचणीचं काही निघालं की ते हे म्हणत. सासूबाईंची आठवण निघाली, पुढचं पान. लहानपणी तुमचे मित्र कोण होते, असं एकदा सुरेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं. पुढचं पान.

सासूबाई गेल्यावर सुरेशने त्यांना हट्टाने अमेरिकेत, आमच्याकडे आयसेलिनला आणलं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. ओक ट्री रोडवर आपली दुकानं नुकती कुठे उघडायला लागली होती, आणि ते सगळ्यांनाच आवडत होतं असं नाही. जाता जाता गाडीतून कोणी काहीबाही ओरडायचं. एकदा आमचा मेलबॉक्स कोणीतरी लाथ घालून वाकवला. तेव्हापासून मी खिडक्या लावून फोडणी घालायची, दाराला साखळी अडकवायची, आणि बेल वाजली तरी उघडायचं नाही असं नानांना बजावून कामावर जायची. आपण कोणाच्या नजरेत येऊ नये, एवढीच माझी इच्छा.

आणि नाना होते धोतरावर सुरेशचा जुना पार्का कोट घालून, माकडटोपी चढवून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करणारे. मला लाज वाटायची. दुकानात त्यांच्याबरोबर जाताना मी दोन पावलं मागे राहायची, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने.

आमच्या कुंपणापलीकडे साल्वातोरे नावाचा म्हातारा एकटा राहायचा. फरशा बसवायचा धंदा मुलांवर सोपवून तो दिवसभर परसातल्या अंजिराच्या झाडाभोवती घुटमळत असे. आमची ओळख हात हलवण्यापुरती. तो इटालियन आहे हे नेहाने नानांना सांगितलं, आणि नानांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. सेनापतीच्या देशाचा माणूस, तोही भिंतीला भिंत लागून, आणि आपण अजून त्याचा सत्कार केला नाही.

मी विनवण्या केल्या. इथे असं कोणी करत नाही, त्याला वेड्यासारखं वाटेल. पण शनिवारी सकाळी नानांनी ट्रंकेतून शाल काढली. निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेली ती शाल ते कधी अंगावर घेत नसत, नुसती ऊन दाखवून परत ठेवत. इंडियन ग्रोसरीतला नारळ माझ्या हातात दिला आणि निघाले हिरवळ तुडवत.

साल्वातोरे बनियनवर झाडाला पाणी घालत होता. नानांनी त्याच्या ओल्या खांद्यांवर शाल पांघरली, मला डोळ्यांनी खूण करून नारळ द्यायला लावला, आणि घसा खाकरून इंग्रजीत भाषण सुरू केलं. आपल्या थोर सेनापतीने तांबड्या शर्टांची हजार माणसं घेऊन देश एक केला, माझ्या देशातल्या मुलांना त्यातून स्फूर्ती मिळाली, त्या उपकारांची ही अल्पशी फेड. समोरच्या घरातल्या बाई पडदा सारून बघत होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

साल्वातोरेने नळ बंद केला. आपण इटालियन नाही, सिसिलियन आहोत, असं तो म्हणाला. मग अगदी शांतपणे सांगितलं, की त्याच्या आजोबांच्या वडिलांना त्याच तांबड्या शर्टवाल्यांनी देवळाच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. गुन्हा काय, तर कबूल केलेली जमीन मागितली. त्याची आजी त्या सेनापतीच्या नावाने थुंकायची. एवढं बोलून त्याने शालीची घडी घातली, तीही नीट, आणि नारळासकट माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी भांडी जिथल्या तिथे राहिली. नेहाने आपल्या हाताने लोणचं उत्तरेला सरकवलं तरी नानांनी पाहिलं नाही. वातावरण हलकं करायला मीच म्हणाले, "नाना, चला, पुढचं पान." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी भाताचं झाकण काढून वाढायला घेतलं. पुढे कित्येक आठवडे आम्हाला भात वेळेवर मिळत गेला. नाना बाहेर जाईनात. माझी एक काळजी मिटली, आणि ती मिटल्याचं मला बरं वाटलं, याचीही लाज वाटली.

थंडी पडायला लागली. एका दुपारी साल्वातोरे अंजिराच्या फांद्या दोरीने जवळ ओढून त्यावर जुनी कांबळी गुंडाळताना स्वयंपाकघरातून दिसला. हे काय चाललंय, असं नानांनी विचारलं. इथल्या बर्फात अंजीर मरतं, म्हणून गुंडाळून ठेवतात, असं मी सांगितलं. ते उठले, आत गेले आणि शाल घेऊन थेट बाहेर. आता दुसरा सत्कार की काय, म्हणून मी सपाता न बदलताच मागे धावले.

"सर," नाना म्हणाले, "आय हॅव कम टु अपॉलोजाइज. ऑन बिहाफ ऑफ इटली."

मला हसू आलं असतं, पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही. हयातभर शिकवलं, पण ती भिंत माझ्या पुस्तकात नव्हती, असं त्यांनी सांगितलं. ही शाल झाडाला घाला म्हणाले. एवढी चांगली शाल झाडाला कशाला, असं साल्वातोरेने विचारलं. "इट इज कोल्ड," नाना म्हणाले. मग दोघं मिळून ती फांद्यांभोवती गुंडाळायला लागले. नानांचं इंग्रजी इथवर पुरलं. पुढचं ते मराठीत बोलले, दोरीचं टोक धरून, माझ्याकडे न बघता.

"आमच्या गावी हमीदच्या अंगणात असंच झाड होतं. आम्ही एका बाकावर बसायचो. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आम्ही देशात आलो. मी पेढे वाटले, सूनबाई. त्याच आठवड्यात गावातली माणसं मुसलमानांच्या घरांवर गेली. रझाकारांनी आम्हाला छळलं होतं हे खरं, पण हमीदने नव्हतं छळलं. भर दुपारी त्याने आमचं दार वाजवलं. माझं नाव घेऊन हाका मारल्या. वडील म्हणाले, कडी काढू नकोस. मी नाही काढली. अठरा वर्षांचा होतो मी, काही लहान नव्हतो."

"आणि हमीद?"

"झाड उरलं."

साल्वातोरेला शब्द कळले नसणार. पण त्याने दोरीची गाठ आवळली, झाडाच्या डोक्यावर एक बादली पालथी घातली, आणि नानांच्या पाठीवर हात ठेवला. उद्या सुकवलेले अंजीर घेऊन येतो, असं मला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो आणि मागचं दार वाजलं. साल्वातोरेच असणार हे ठाऊक असूनही मी सवयीने म्हणाले, "थांबा, आधी पडद्याआडून बघते."

नाना उठले होते. साखळी त्यांना निघेना. मी मदतीला पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दार पुन्हा वाजलं.

"आलो," नाना दाराला कपाळ टेकवून मराठीत म्हणाले. "आलो रे. थांब, जाऊ नकोस."